रॉड टाकलेल्या पायातून सात महिन्यांनी पू: हाडाच्या इन्फेक्शनची एक पूर्ण केस

ही केस कुणा एका पेशंटची जशीच्या तशी नाहीये. हाडाच्या इन्फेक्शनमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसतं ते गोळा करून एका माणसाच्या पायावर बसवलंय, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडत नाही आणि मुद्देही सुटत नाहीत. औषधांची नावं येतील, पण ती वाचून कुणी मनाने गोळ्या सुरू करू नका, का ते पुढे कळेलच, कारण ह्या केसमधला सगळ्यात मोठा घोळ गोळ्यांचाच आहे.

तर माणूस 36 वर्षांचा. शुगर नाही, बीपी नाही, तब्येत ठणठणीत, सिगरेट मात्र रोज पाकीटभर. दुचाकीवरून पडला आणि उजवी नडगी मोडली, मधला आणि खालचा भाग जिथे मिळतो बरोबर तिथे, आणि हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं. जखम साधारण चार सेंटीमीटर. उघड्या फ्रॅक्चरची गुस्टिलो आणि अँडरसन यांनी 1976 मध्ये जी वर्गवारी केली तीच आजही चालते, त्यात हा दुसरा प्रकार, म्हणजे जखम एक सेंटीमीटरपेक्षा मोठी पण मांस फारसं चिरडलेलं नाही. तिसऱ्या प्रकाराइतकं भयंकर नाही, पण बाहेरची घाण हाडापर्यंत पोचलेली असते हे नक्की.

आणि जागा वाईट. स्वतःच्या नडगीवर समोरून बोट फिरवून बघा, कातडी आणि लगेच हाड, मध्ये मांसाचा पत्ता नाही. मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी स्नायू असतात आणि स्नायू म्हणजे रक्तपुरवठा, नडगीला समोरच्या बाजूने तो नाही आणि खालच्या भागात तर आणखीच कमी. रक्त कमी म्हणजे हाड जुळायला उशीर, आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि औषधही कमी पोचणार.

त्या दिवशी जे व्हायला हवं ते बऱ्यापैकी झालं होतं. अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात गेलं (उघड्या फ्रॅक्चरमध्ये ह्याच्याइतकी महत्त्वाची दुसरी गोष्ट नाही असं माझं मत), जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, हाडाच्या पोकळीत रॉड टाकला, टाके घातले. पुढे टाक्यांच्या एका कोपऱ्यातून जवळपास तीन आठवडे पाणी येत राहिलं. "वरवरचं आहे" म्हणून दोनदा गोळ्यांचा कोर्स झाला आणि पाणी थांबलं, सगळ्यांना हायसं वाटलं.

माझ्या मते केस तिथेच बिघडली. आत धातू असताना ऑपरेशनची जखम आठवडा-दहा दिवसांनंतरही वाहतेय तर ते आतलं इन्फेक्शन आहे असंच धरून चालायचं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. कारण पहिल्या काही आठवड्यांत जखम पुन्हा उघडून, आतून नीट धुऊन, नमुने घेऊन, रॉड पक्का बसलेला असेल तर तो तसाच ठेवूनही इन्फेक्शन आटोक्यात येण्याची बरी शक्यता असते. ही संधी महिने गेल्यावर राहत नाही.

पुढचे काही महिने

तिसऱ्या महिन्यात गडी चालायला लागला. सातव्या महिन्यात नडगीवर, जुन्या जखमेच्या जरा खाली, गरम लागायला लागलं आणि रात्री ठसठस. मग मुगाच्या दाण्याएवढी पुळी आली, फुटली, थोडा पू आणि मग पातळ पाणी आलं, आणि दुखणं एकदम थांबलं. चार दिवसांत खपली धरली. दोन आठवड्यांनी परत ठसठस, परत पुळी, परत फुटली. ह्याला लय असते आणि ती एकदा ओळखता आली की पेशंटने पहिली दोन वाक्यं बोलल्यावरच अंदाज येतो: तोंड बंद झालं की आत पू साठतो आणि दुखतं, तोंड उघडलं की वाहतं आणि बरं वाटतं. पेशंटला वाटतं वाहणं हा त्रास आणि खपली धरणं म्हणजे बरं होणं, खरं तर उलटं आहे.

ह्या काळात त्याने बरंच काही केलं. मलम लावलं, ड्रेसिंग केलं. एकाने छिद्राच्या तोंडावर कापूस फिरवून स्वॅब पाठवला, त्यात स्यूडोमोनास नावाचा जंतू आला, त्यावर गोळ्या झाल्या, दहा दिवस कोरडं, परत चालू. मग दुसऱ्या गोळ्या, मग तिसऱ्या. उरलेल्या गोळ्या घरात होत्या त्या पुढच्या वेळी स्वतःच घेतल्या. एक्सरेच्या रिपोर्टवर "हाड भरत आहे" असं होतं.

ओपीडीत आला तेव्हा मोठा भाऊ बरोबर होता, हातात फाईल, आणि भावाचा प्रश्न एकदम रास्त होता. "डॉक्टर, ह्याला ताप नाही, पांढऱ्या पेशी नॉर्मल, सीआरपी (रक्तातल्या सुजेचा आकडा) 9 आहे आणि नॉर्मल 5 पर्यंत लिहिलंय म्हणजे किंचितच जास्त, एक्सरेत हाड भरतंय म्हणतात, मग इन्फेक्शन कसलं?" लहान भाऊ मध्येच म्हणाला, "दादा, अरे पण वाहतंय ना," आणि खरं सांगायचं तर निदान त्याने केलं होतं. छिद्र जर खाली हाडापर्यंत किंवा धातूपर्यंत जात असेल तर फ्रॅक्चरनंतरच्या इन्फेक्शनचं ते पक्कं लक्षण आहे, 2018 मध्ये ह्या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून जी व्याख्या ठरवली त्यातही ते "खात्रीच्या" गटात आहे. ताप, सीआरपी, ईएसआर (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी), लाली, सूज ही सगळी "संशयाच्या" गटात. जुन्या, मुरलेल्या इन्फेक्शनमध्ये रक्ताचे रिपोर्ट पूर्ण नॉर्मल असू शकतात, आणि ते नॉर्मल आले म्हणून वाहत्या छिद्राकडे दुर्लक्ष करायचं नसतं.

तपासताना छिद्र बोरूच्या टोकाएवढं, भोवतीची कातडी काळपट आणि हाडाला चिकटलेली, चिमटीत उचलत नाही. निर्जंतुक बोथट सळई हलक्या हाताने आत घातली, सेंटीमीटरभर गेली आणि टक्क करून लागली. मऊ मांसाला लागल्यावर असं होत नाही. शिवाय नडगी दोन्ही हातांत धरून वाकवायचा जरा प्रयत्न केला तर त्याने तोंड वेडंवाकडं केलं, म्हणजे वर्ष होत आलं तरी हाड जुळलेलं नाही, रॉडच्या आधारावर चालतोय. रॉड आहे म्हणून पाय सरळ दिसतोय इतकंच.

आत काय चाललं होतं

हाड बाहेरून दगडासारखं वाटलं तरी जिवंत असतं, आत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. जंतू आत शिरले की सूज येते, पण हाड फुगू शकत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि त्या दाबानेच रक्तवाहिन्या बंद पडतात. रक्त बंद झालेला तुकडा मरतो. ह्या मेलेल्या तुकड्याला सिक्वेस्ट्रम म्हणतात, आणि तो फार त्रासदायक प्रकार आहे, कारण त्यात रक्त जात नाही म्हणजे तोंडाने घ्या नाहीतर शिरेतून घ्या, औषध तिथे पोचतच नाही, जंतू मात्र मजेत राहतात. शरीर त्याच्याभोवती नवीन हाडाचं कवच घालायला बघतं. एक्सरेत "हाड भरत आहे" म्हणून जे दिसलं त्यातला बराचसा भाग हे कवचच होतं. जुळण्यासाठी तयार झालेलं हाड आणि इन्फेक्शनच्या भोवती तयार झालेलं हाड एक्सरेत सारखंच पांढरं दिसतं, त्यामुळे रिपोर्ट लिहिणाऱ्याची फार चूक काढता येणार नाही, समोर पेशंटचं वाहतं छिद्र नसेल तर कुणीही तसंच लिहील.

दुसरी भानगड धातूची. पाण्याच्या टाकीत आतून भिंतीला जो बुळबुळीत थर चढतो, नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावाच लागतो, तसा थर जंतू रॉडवर तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवर काम करतात, झोपलेल्यांवर नाही. मोकळ्या जंतूला मारायला जेवढं औषध लागतं त्याच्या शेकडो पट, कधी हजार पट लागू शकतं, आणि तेवढं माणसाला देता येत नाही. म्हणून गोळ्या घेतल्या की बाहेर पडलेले जंतू मरतात, पू थांबतो, गोळ्या थांबल्या की थरातून नवे निघतात. त्या माणसाच्या "दहा दिवस कोरडं, परत चालू" चा अर्थ हा. गोळ्या "लागू पडत नाहीत" असं नव्हतं, त्या पोचत नव्हत्या.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा हाडाच्या इन्फेक्शनमधला सगळ्यात नेहमीचा जंतू, तो तर हाडाच्या पेशींच्या आतही लपून बसू शकतो, म्हणून वर्षानुवर्षं शांत राहून परत डोकं वर काढलेल्या केसेस सापडतात.

सगळीच हाडाची इन्फेक्शन्स अशी जखमेतून येत नाहीत, हे थोडक्यात सांगून ठेवतो. लहान मुलांत जंतू बहुतेक वेळा रक्तातून येतात आणि लांब हाडाच्या वाढणाऱ्या टोकाजवळ, जिथे रक्ताचा वेग मंदावतो, तिथे अडकतात. ताप आणि मूल पाय टेकवत नाही किंवा हात वापरत नाही, एवढंच दिसतं, आणि तिथे तासांचा प्रश्न असतो. मोठ्यांत रक्तातून आलेलं इन्फेक्शन जास्त करून मणक्यात बसतं, पाठ दुखते, आराम करूनही थांबत नाही, रात्री जास्त. त्यात पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना. आणि डायबिटीस असलेल्यांत पायाच्या तळव्याच्या न दुखणाऱ्या जखमेतून ते बोटाच्या हाडात उतरतं. नवीन सुरू झालेल्या इन्फेक्शनमध्ये पहिले दहा-चौदा दिवस एक्सरे कोरा असू शकतो, कारण हाडातला 30 ते 50 टक्के खनिजाचा भाग गेल्याशिवाय एक्सरेत फरक दिसत नाही. एमआरआयमध्ये तीन-पाच दिवसांत दिसायला लागतं. आपल्या केसमध्ये रॉड होता, धातूमुळे एमआरआय विस्कटतो, म्हणून सीटी केला. त्यात हाडाच्या आत साधारण दोन सेंटीमीटरचा सुटा, भोवतालच्या हाडापेक्षा जास्त पांढरा तुकडा स्पष्ट दिसला आणि फ्रॅक्चरची फट तशीच.

गोळ्या बंद

मग जे सांगितलं ते घरच्यांना अजिबात पटलं नाही. सगळ्या अँटिबायोटिक गोळ्या बंद, निदान दोन आठवडे, आणि मग ऑपरेशन. दादांचा चेहराच पडला, "इन्फेक्शन आहे म्हणता आणि औषध बंद करता?" त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला पण तो वेळ घालवायलाच हवा, नाहीतर पेशंट घरी जाऊन गुपचूप गोळ्या चालू ठेवतो. कारण साधं आहे. गोळ्या चालू असताना हाडाचा नमुना घेतला तर कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या तपासणीत) बऱ्याचदा काहीच उगवत नाही, पण हाडात जंतू असतातच, आणि मग पुढचे तीन महिने अंदाजाने औषध द्यावं लागतं. ताप, थंडी, झपाट्याने वाढणारी सूज, बीपी खाली असं असेल तर अर्थातच थांबायचं नाही, लगेच औषध. पण पेशंट चालत ओपीडीत आलाय, महिनोन् महिने वाहतंय, तिथे दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही. ह्या दोन आठवड्यांत वाहणं वाढेल, ते सांगून ठेवलं, वाढलंच.

सिगरेटचं ह्याच वेळी बोललो. उघड्या नडगीच्या फ्रॅक्चरवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सिगरेट ओढणाऱ्यांत हाडाचं इन्फेक्शन होण्याची शक्यता न ओढणाऱ्यांच्या 3.7 पट निघाली होती, 2005 साली छापून आलाय तो. आकडा ऐकून लोक सिगरेट सोडत नाहीत हे माहीत आहे, "हाड जुळणार नाही आणि हे सगळं परत करावं लागेल" हे ऐकून कधीकधी सोडतात. ह्याने लगेच नाही, पण ऑपरेशनच्या आधी सोडली.

ऑपरेशन

ऑपरेशनच्या आधी एरवी जो अँटिबायोटिकचा डोस देतात तो नमुने हातात येईपर्यंत थांबवला. रॉड काढला, पोकळी आतून खरवडली, छिद्र त्याच्या पूर्ण वाटेसकट कापून काढलं. हाडात खिडकी केल्यावर सुटा तुकडा चिमट्याने सहज बाहेर आला, हस्तिदंतासारखा पिवळट पांढरा, कडा कुरतडल्यासारख्या, रक्ताचा थेंब नाही. मग आजूबाजूचं हाड छिन्नीने आणि ड्रिलने तासत जायचं, कुठपर्यंत, तर हाडावर बारीक बारीक रक्ताचे ठिपके उमटायला लागेपर्यंत. त्यासाठी मांडीला बांधलेला रक्त थांबवायचा पट्टा सैल केलेला असावा लागतो, नाहीतर जिवंत हाडही मेल्यासारखं दिसतं. हात आखडता घेतला तर मेलेलं हाड मागे राहतं आणि सहा महिन्यांनी तोच पेशंट तसाच परत येतो, म्हणून आधी कॅन्सरची गाठ काढल्यासारखं मनाशी पक्कं करून काढायचं, मागे राहिलेल्या पोकळीचं काय करायचं ते नंतर बघायचं.

नमुने पाच, पाच वेगळ्या जागांवरचे, प्रत्येकासाठी वेगळं निर्जंतुक हत्यार, वेगळी बाटली. कातडीवरचा एखादा जंतू एका नमुन्यात चुकून येऊ शकतो, पण तोच जंतू दोन किंवा जास्त नमुन्यांत आला तर तो खरा धरतात. शिवाय एक तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायला, आणि एक टीबीच्या तपासणीला. टीबीची तपासणी लोक विसरतात, ती विसरू नये, त्याचं कारण पुढे येतंय.

पोकळी रिकामी ठेवली तर रक्त साठतं आणि जंतूंना आयती जागा. म्हणून हाडाच्या सिमेंटमध्ये व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स मिसळून, ते एका बारीक रॉडवर लावून तो आत टाकला, खिडकीच्या जागीही त्याच सिमेंटचा गोळा. ह्या सिमेंटमधून औषध तिथल्या तिथे झिरपतं, पहिल्या काही दिवसांत फार जास्त, मग कमी कमी, आणि रक्तात मात्र फारसं जात नाही, त्यामुळे किडनीला धक्का न लावता त्या जागी एवढं औषध मिळतं की शिरेतून तेवढं कधीच देता आलं नसतं. वरची काळपट कातडी टाके घेण्यालायक नव्हती, प्लास्टिक सर्जनने शेजारची कातडी आणि चरबी फिरवून ती जागा झाकली. खरं सांगू का, चांगलं झाकलं गेलं नाही तर आतलं सगळं काम वाया जातं, आणि घरच्यांशी बोलताना ह्या भागाबद्दल कुणी फार बोलत नाही.

रिपोर्ट आणि पुढचे तीन महिने

रिपोर्ट येईपर्यंत बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालेल असं शिरेतून औषध. कल्चर लवकर फेकू नका म्हणून लॅबला सांगितलेलं, काही जंतू सावकाश वाढतात, दोन आठवडेही लागतात. पाचपैकी चार नमुन्यांत स्टॅफ ऑरियस उगवला, साध्या औषधांना दाद देणारा. ज्या स्यूडोमोनासवर इतके महिने गोळ्या झाल्या तो एकाही नमुन्यात नव्हता. तो छिद्राच्या तोंडावर राहायला आलेला होता, हाडाशी त्याचा संबंध नव्हता. वाहत्या छिद्राच्या तोंडावरचा स्वॅब हाडातल्या जंतूबद्दल किती फसवतो हे 1970 च्या दशकापासून माहीत आहे, तरी तो स्वॅब अजून घेतला जातो आणि त्यावर औषध दिलं जातं.

मग सेफाझोलिन नावाचं अँटिबायोटिक शिरेतून, जखम कोरडी होईपर्यंत, साधारण दहा दिवस, आणि पुढे तोंडाने. पूर्वी हाडाच्या इन्फेक्शनला सहा आठवडे शिरेतूनच असा जवळजवळ नियम होता. 2019 मध्ये ब्रिटनमधला ओव्हिव्हा नावाचा अभ्यास आला, 1054 पेशंट, अर्ध्यांना शिरेतून, अर्ध्यांना पहिल्या आठवड्याच्या आत तोंडाने, सहा आठवडे. वर्षभरात उपचार फसल्याचं प्रमाण शिरेतून घेतलेल्यांत 14.6 टक्के आणि तोंडाने घेतलेल्यांत 13.2 टक्के, म्हणजे तोंडाने घेऊन काही नुकसान नाही. पण हे नीट निवडलेल्या औषधाबद्दल आहे आणि त्यातल्या बहुतेकांची आधी सर्जरी झालेली होती. "गोळ्यांनीही होतं मग" असं वाचून कुणी रॉडसकट वाहत्या पायावर गोळ्या घेत बसला तर तो ह्या माणसाच्या पहिल्या वर्षासारखाच अडकेल.

गोळ्या दोन: लेव्होफ्लॉक्सासिन आणि रिफॅम्पिसिन. धातूवरच्या थरातल्या स्टॅफला रिफॅम्पिसिन जसं मारतं तसं दुसरं फार थोडं मारतं, पण ते एकटं कधीच द्यायचं नाही, जंतू काही दिवसांत त्याला सरावतो. जखम वाहत असतानाही सुरू करायचं नाही. आणि ही दोन्ही औषधं टीबीवरही चालतात, म्हणजे हाडात टीबी असता आणि आपण ह्या दोनच गोळ्या दिल्या असत्या तर टीबी अर्धवट दबला असता आणि औषधांना सरावला असता. म्हणून टीबीचा रिपोर्ट निगेटिव्ह हातात आल्यावरच सुरू केल्या. आत तात्पुरता का होईना पण धातू असल्यामुळे मुदत 12 आठवडे ठरली. सगळा धातू काढून टाकला असता तर साधारण सहा आठवड्यांत भागलं असतं.

गोळ्या सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री फोन, "लघवीतून रक्त जातंय." रक्त नव्हतं, रिफॅम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं. आधी सांगितलेलं असतं पण समोर दिसल्यावर घाबरायला होतंच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती आणि कुणी फोन करून सांगितली नाही. तिसऱ्या आठवड्यात सगळ्या गोळ्यांची पाकिटं टेबलावर काढायला लावली (हे दर भेटीत करावं) तर त्यात कॅल्शियम. "हाडाचं आहे म्हणून घेतोय, सकाळी सगळ्या एकदमच घेतो." कॅल्शियम आणि लेव्होफ्लॉक्सासिन एकत्र घेतलं तर पोटात दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि औषध रक्तात नीट जातच नाही. लोह, झिंक, ॲसिडिटीची काही औषधं, सगळ्यांचं तेच. म्हणजे इतकं सगळं करून औषध परत पोचत नव्हतं, ह्यावेळी पोटातच अडकत होतं. कॅल्शियम रात्रीवर टाकलं, दोन्हींत चांगलं अंतर. टाचेमागच्या कंडऱ्यात (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत) दुखलं तर लेव्होफ्लॉक्सासिन थांबवून लगेच कळवायचं, हेही त्याला वहीत लिहून दिलं. लिव्हर, किडनी आणि सीआरपी ठरावीक दिवसांनी. सीआरपी 9 वरून ऑपरेशनमुळे आधी खूप वर गेला, जाणारच, मग तीन आठवड्यांत 5 च्या खाली आला.

तीन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन. सिमेंटचा रॉड आणि गोळा काढला, परत पाच नमुने, ह्यावेळी एकातही काही उगवलं नाही. सिमेंटभोवती शरीराने एक पातळ पापुद्रा तयार केलेला असतो, त्यात हाड वाढवणारे घटक असतात, अलां मास्कले ह्या फ्रेंच सर्जनने ही पद्धत बसवली. त्या पापुद्र्याच्या पिशवीत कमरेच्या हाडातून काढलेला भुगा भरला आणि नवीन, जाड रॉड टाकला. फट ह्याहून मोठी, पाच-सात सेंटीमीटर असती तर बहुधा इलिझारोव्हच्या रिंगा (पायाभोवती बाहेरून बसवलेली, तारांनी हाडाला जोडलेली धातूची कडी) लावून हाड रोज एक मिलिमीटर सरकवत नेलं असतं, तो वेगळाच, महिनोन् महिन्यांचा व्याप आहे.

पाच महिन्यांनी सीटीमध्ये चारपैकी तीन बाजूंनी हाड सलग दिसलं. काठी सुटली. घोटा थोडा आखडलाय, त्याची फिजिओथेरपी अजून चालू आहे. जिथे कातडी फिरवून लावली तिथे खोलगट आहे आणि पँट घासली की झोंबतं.

आता तो दर तीन महिन्यांनी येतो आणि दर वेळी एकच विचारतो, हा रॉड कधी काढायचा. हाड पूर्ण भरलंय, वाहत नाही, दुखत नाही, तर काढायलाच पाहिजे असं नाही. पण त्याचं म्हणणं चुकीचं नाही, धातू आत असेपर्यंत जंतूंना जागा असते. मी त्याला शेवटच्या ऑपरेशनपासून दोन वर्षं थांबायला सांगितलंय. बहुतेक वेळा परत उठायचं असेल तर ह्या काळात उठतं, आणि तोपर्यंत मी फाईलवर "बरा झाला" लिहीत नाही, "शांत आहे" एवढंच लिहितो. मधल्या काळात नडगी गरम लागली, रात्रीचं ठसठसलं किंवा कातडीवर बारीकशी पुळी जरी आली तरी मलम नाही, घरातली उरलेली गोळी नाही, आहे तसा पाय घेऊन यायचं.